गोल तिकीट

आमच्या घरात खासगी काही बोलायचं असलं की गिरणी चालू असावी लागे. साखरखेर्ड्यात बाजाराच्या रस्त्यावर पुढच्या बाजूला गिरणी आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही, अशी ती जागा होती. मधली भिंत मातीची, दाराला दाराऐवजी पोतं. गिरणी बंद असली की मागच्या खोलीत मायने सुस्कारा टाकला तरी पुढे दळणाला बसलेल्या बायांना ऐकू जायचा आणि संध्याकाळपर्यंत तो सुस्कारा गावभर झालेला असायचा. म्हणून घरातली नाजूक बोलणी बाबा गिरणी चालू असताना करत. डिझेलचं इंजिन पुक-पुक करत असे, पट्टा फटाफट वाजत असे, आणि त्या गदारोळात बाबा मायच्या कानाशी तोंड नेऊन काय ते सांगत. बाहेर ओट्यावर बसलेल्यांना वाटे, नवराबायको दळणाचा हिशोब करताहेत.

पण या सोयीत एक खोट होती. त्या आवाजात वाढल्यामुळे ताई आणि मी, दोघींनाही ओठांवरचं बोलणं वाचता यायला लागलं होतं. कोणी शिकवलं नव्हतं. बाबा इंजिनापाशी उभे राहून 'डबा आण', 'ज्वारी संपली', 'चाळणी दे' असं म्हणत आणि आवाज पोचायच्या आधी आम्हाला ओठ दिसत. हळूहळू सगळंच कळू लागलं. बाबांना हे माहीत होतं. म्हणून आमच्यापासूनही लपवायचं काही असेल तर ते आमच्याकडे पाठ करून बोलत. पाठ वळली की आम्ही समजायचो, आता आपल्याविषयी चाललंय.

त्या वर्षी बाबांची पाठ फार वेळा वळायची. ताई बऱ्हाणपूरहून परत आली होती.

ताईचं नाव सुमन. तिचं लग्न बऱ्हाणपूरच्या एका कापडदुकानदाराच्या घरी झालं होतं. माणसं आपल्यातलीच, पण कितीतरी पिढ्या तिकडे राहिलेली, निम्मं हिंदी बोलणारी. घर मोठं होतं, नाव होतं, आणि गिरणीवाल्याच्या मुलीला तिथून मागणी आली म्हणून बाबांची छाती भरून आली होती. दीड वर्षातच ताई एका पिशवीनिशी एसटीतून उतरली. आली ती तशीच गिरणीत गेली, आणि जिथून पीठ पडतं त्या कापडी नळीखाली तिने हात धरला. ताजं पीठ चांगलं गरम असतं. ते तिच्या तळहातावर साचत गेलं, बोटांतून सांडत गेलं, आणि ती तशीच उभी. मायने तिला आत नेलं तेव्हा हळूहळू कळलं, की सासरी पिठाच्या डब्याला कुलूप होतं. किल्ली सासूच्या कमरेला. सगळ्यांची जेवणं झाल्यावर टोपलीत काही उरलं तर ताईने खायचं, नाही उरलं तर डबा उघडायचा नाही. तिने एकदा शेजारणीकडून वाटीभर पीठ मागून आणलं, तर घराण्याची अब्रू घालवली म्हणून नवऱ्याने मारलं. पाठीवरचे वळ मायने पाहिले. बाबांना दाखवायची रीत नव्हती, त्यांना नुसतं सांगितलं.

आज हे लिहिताना मला बाबांवर अन्याय करायचा नाही. ते वाईट नव्हते. त्यांच्या गिरणीत कधी कुणाचं पसाभर पीठ कमी भरलं नाही. झिजलेल्या दगडाला टाकीने नव्या खाचा पाडल्या की पहिलं दळण कचकचीत निघतं म्हणून ते आधी स्वतःच्या घरची ज्वारी दळत, मग गावाची. पण मुलगी सासरहून आली आणि राहिली, यापुढे त्यांची अक्कल चालत नव्हती. आणि त्यांच्यापुढे मी होते. मी दहावीत. आणखी दोन-चार वर्षांत माझ्या लग्नाचं बघायचं, आणि थोरली घरी बसलेली असेल तर धाकटीकडे कोण येणार? म्हणजे ताईला परत धाडायचं ते माझ्यासाठी. एकदा त्यांची मान जराशी वळली तेव्हा हे मला त्यांच्या ओठांवरूनच कळलं होतं. दळणाला येणाऱ्या बायाही सोडत नव्हत्या. आमच्या गल्लीतली कासाबाई डबा ठेवता ठेवता म्हणायची, "गिरणीचा दगड झिजला, बदलला, पर तुही लेक काई जागची हालली नाई वं." माय हसल्यासारखं करायची आणि तिच्या डब्यावर खडूने खूण करायची.

दिवाळीच्या आधी शेगावहून मामा आला. मायचा धाकटा भाऊ, शेगाव स्टेशनात नोकरीला. त्याला रेल्वेचा पास मिळायचा, पण तो त्याच्या बायकोपोरांपुरता; बहिणीला त्यात बसवता येत नसे, याचं त्यालाच वाईट वाटायचं. मायला लग्नापासून ओंकारेश्वर पाहायचं होतं. नर्मदेत एकदा तरी हात बुडवायचा, एवढंच ती म्हणायची. त्या वर्षी बाबा एकाएकी म्हणाले, दिवाळीनंतर जाऊन येऊ, गिरणी बंद ठेवू. गिरणी बंद ठेवणं ही आमच्याकडे केवढी गोष्ट. मायचा चेहरा उजळला, आणि ते ऐकूनच मामा आला होता.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. पाटावर पिठाचा थर बसला होता. मामाने त्यावर बोटाने मोठा गोल काढला. "दाजी, हे पाहा. हे शेगाव. इथून भुसावळ, बऱ्हाणपूर, खंडवा. ओंकारेश्वर पाहा. मंग उज्जैन, भोपाळ. भोपाळहून नागपूर, रामटेक करा, आन नागपूरहून सिधं शेगाव. जिथून निघाले तिथंच वापस. याचं एकच तिकीट निघते. गोल तिकीट म्हणतात. अर्ज कराव लागते, मी भुसावळहून करून आणतो. अलग अलग तिकिटं काढाल तं जास्त पैशे जातीन आन दर खेपी खिडकीसमोर लाइनीत उभं राहा लागीन."

बाबा त्या गोलाकडे बघत राहिले. मग बऱ्हाणपूरच्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाले, "मधात उतरता येते का?"

"येते ना. त्याच्यासाठीच तं असते. उतरा, देव पाहा, पुन्हा बसा."

"आन कोणी मधातच राह्यलं तं?"

मामा हसला. "तिकीट काय पायातली बेडी हाय का दाजी? राह्यला तं राह्यला. त्याचं पुढचं वाया जाईन, एवढंच."

बाबा हसले नाहीत. त्यांनी पाटावरचं पीठ हाताने सारखं केलं, गोल पुसला गेला. "पाहू," म्हणाले. "अलगच बरे. आपल्या मर्जीचं राह्यते."

मामाला वाटलं, दाजी मापून-मोजून चालणारे, विचार करतील. तो आणलेले पेरू ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणी भरात असताना बाबांनी मायला इंजिनापाशी बोलावलं आणि आमच्याकडे पाठ केली. पण इंजिनामागे भिंतीला एक आरसा होता. बाबा त्यात बघून मिशीवरचं पीठ झटकायचे. त्या पिठाळ आरशात त्यांचे ओठ मला दिसले, आणि माझ्या शेजारी ज्वारी पाखडत बसलेल्या ताईलाही. ते म्हणत होते, "बऱ्हाणपूरपर्यंत चौघांची काढू. तिथून पुढं तिघांची. मी निरोप धाडला. ते टेसनावर येतीन, पोरगी घेऊन जातीन. गावात बी तमाशा नाई, देवाले गेलो असंच राहीन."

मायचे ओठ हलले नाहीत.

ताईने सूप खाली ठेवलं नाही. तशीच पाखडत राहिली. मग म्हणाली, "मंदे, मंग मले लुगडी सगळीच घ्या लागतीन." एवढंच. मी पुस्तक घेऊन शाळेत गेले. बाई नकाशा शिकवत होत्या. भुसावळपासून वर जाणारी रेल्वेची काळी-पांढरी रेघ माझ्याच अंगावर ओढल्यासारखी वाटली.

पुढचे दिवस घरात दिवाळी होती आणि नव्हती. अनारसे झाले, ते तळताना फसफसून विरघळले. मायचा हात कधी चुकत नसे. करंजीचं पीठ भिजवताना ती मधेच थांबायची. बाबा जास्तच मोठ्याने बोलायचे, गिरणी बंद असतानाही, जणू इंजिन चालूच आहे. एकदा माय म्हणाली, "बाप्पू म्हणतो ते गोल तिकीट काऊन नाई काढत?" बाप्पू म्हणजे मामा. बाबा म्हणाले, "तुले काय समजते त्यातलं?" मायला सगळंच समजत होतं. गोल तिकिटात ताईचं परत येणं आधीच धरलेलं होतं. सुट्या तिकिटांत ते कुठेच नव्हतं. साऱ्या भांडणाचा अर्थ तेवढाच होता, आणि भांडण असं कधी झालंच नाही.

मला अजून कळत नाही की माय तेव्हाच का बोलली नाही. कदाचित बाबांचं म्हणणं तिलाही पटत असेल. आईला दोन मुली असतात तेव्हा एकीचा विचार केला की दुसरीवर पाय पडतो. तिनेही सासरी सोसलं होतं, आणि सोसून इथवर आली होती. तिला वाटलं असेल, सुमनचंही होईल नीट. अशा वाटण्यावरच तेव्हा सगळ्या बायांचे दिवस निघत.

निघायच्या आदल्या आठवड्यात ताई सामान बांधत होती. मी पेटीशेजारी बसून बघत होते. तिने लुगडी घातली, आरसा-फणी घातली, आणि मग जुन्या धोतराच्या फडक्यात काहीतरी बांधून ती पुरचुंडी लुगड्यांच्या घडीत, अगदी आत सारली. माय तेवढ्यात आत आली. "काय वं ते?" मायने हात घालून पुरचुंडी काढली, सोडली. आत ज्वारीचं पीठ होतं. चार-पाच भाकरींचं असेल.

ताई म्हणाली, "राहू दे ना माय. पह्यले दिवस तरी निघतीन."

माय ती पुरचुंडी हातात घेऊन उभी राहिली. मग ती तशीच पोतं बाजूला सारून गिरणीत गेली. मी मागून धावले. बाजाराचा दिवस होता, ओटा डब्यांनी भरलेला, बाया खाली-वर बसलेल्या. गिरणी चालू होती, दगडांवरच्या दाणे ओतायच्या पेटीत कुणाचे तरी गहू होते. आमच्या घरात एक नियम देवासारखा पाळला जाई: दाणे दगडांच्या तोंडात असताना गिरणी बंद करायची नाही. दगड अडकतो, मग सगळं उकलून हाताने साफ करावं लागतं. बाबा तापाने फणफणले असले तरी दळण संपल्याशिवाय हात काढत नसत. मायने आयुष्यात त्या इंजिनाला हात लावलेला नव्हता. तिने जाऊन दांडा ओढला.

इंजिन दोनदा आचके देऊन थांबलं. पट्टा लोंबला. एवढी शांतता त्या ओट्यावर बाजाराच्या दिवशी कधी झाली नसेल. पलीकडच्या दुकानातली वजनं वाजलेली ऐकू आली. सगळ्या बायांच्या माना वळल्या.

माय म्हणाली, "आमी दिवाळीनंतर देवाले जाऊन राह्यलो. ओंकारेश्वर, उज्जैन, समदं. चौघं जाऊ आन चौघं वापस येऊ. गोल तिकीट काढून राह्यलो."

मग कासाबाईच बोलली, तिला राहवणं शक्य नव्हतं. "गोल म्हंजे कसं वं?"

"जिथून निघाले तिथंच आणून सोडते."

"आन सुमन?"

"सुमन बी. आता चौघं म्हटलं ना. सुमनले धरूनच चौघं होतात."

तिच्या हातातून पुरचुंडी सैल झाली होती आणि पीठ तिच्या पायांवर सांडत होतं. बाबा दाण्यांच्या पेटीपाशी उभे होते. सगळ्या गावासमोर त्यांना ना हो म्हणता येत होतं, ना नाही. ते एवढंच म्हणाले, "तोंडात दाणे होते." आणि खाली बसून दगड उकलायला लागले. संध्याकाळ झाली तरी ते एकटेच दगडांच्या खाचांतून चेंगरलेले गहू खिळ्याने कोरून काढत होते. ताईने समई लावली. कोणी जेवायला हाक मारली नाही, आणि ते आपणहून आले तेव्हा मायने ताट वाढलं. ती दोघं त्यानंतर कितीतरी दिवस कामापुरतंच बोलली.

मामाने तिकीट आणलं. बाबांनी ते न वाचता कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. पण त्यांनी बऱ्हाणपूरला धाडलेला निरोप परत घेतला की नाही, हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि विचारायची हिंमत मायचीही झाली नाही. जे बोलायचं ते ती एकदाच बोलून चुकली होती. चिखलीची एसटी, मग खामगाव, मग शेगाव. समाधीचं दर्शन झालं, मामीने पिठलं-भाकरी खाऊ घातली. बाबा पाया पडायला इतका वेळ वाकून राहिले की मागचा माणूस खाकरला.

आता माझी नात पुण्याहून फोनवरच तिकिटं काढते. बोट लावलं की झालं, जायचं एक, यायचं एक, नको असलं तर रद्द. मी गावाकडच्या बोलीत काही बोलले की तिच्या मैत्रिणी गालात हसतात. तीही हसते, पण 'आजी, पुन्हा बोल ना' म्हणते. तिला मी म्हटलं, आमच्या वेळी एक तिकीट होतं, त्यावर माणसाने परत यायचंच, असं लिहिलेलं असायचं. ती म्हणाली, असं कसं असेल? बरोबर आहे तिचं. तसं काहीच लिहिलेलं नव्हतं.

ताई पुढे कधी सासरी गेली नाही. बाबा थकल्यावर गिरणी तिनेच चालवली. इंजिन जाऊन विजेची मोटर आली तीही तिच्याच काळात. मी चिखलीला कॉलेजात गेले, आमच्या घराण्यातली पहिली पदवी मला मिळाली, ती तिच्या दळणावर. माझं लग्न उशिरा झालं, सरळ माणसाशी झालं, आणि त्याच्या घरच्यांनी थोरलीबद्दल विचारलं तेव्हा बाबांनीच उत्तर दिलं, "ती गिरणी पाहते." पण हे सगळं नंतरचं. गाडीत बसलो तेव्हा यातलं काहीही ठरलेलं नव्हतं.

भुसावळला गाडी बदलली. खिडकीशी ताई, तिच्या समोर मी. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा होत्या. ताईने मांडीवर पेटी घेतली होती, खाली ठेव म्हटलं तरी ठेवत नव्हती. बाबा रावेर स्टेशन मागे पडल्यापासून उभेच होते. गाडी बऱ्हाणपूरला थांबायला लागली, आणि आम्हाला ते दिसले. ताईचे सासरे, टोपी घातलेले, आणि त्यांच्या मागे ताईचा नवरा, बाबांचा जावई. जावयाच्या हातात मावा जिलेबीची पुडी होती. म्हणजे निरोप परत घेतलेला नव्हता.

मायने ताईचा हात धरला. बाबा उतरले.

फलाटावर फेरीवाले ओरडत होते, पलीकडच्या रुळावर मालगाडी सुटत होती, खिडकीतून एक अक्षर ऐकू येणं शक्य नव्हतं. सासरे पुढे झाले, नमस्कार झाला. त्यांनी आमच्या डब्याकडे हात केला. त्यांची आमच्याकडे पाठ होती, ते काय म्हणाले ते मला कधीच कळलं नाही. बाबांनी कोटाच्या आत हात घालून तिकीट काढलं आणि त्यांच्यासमोर धरलं. आणि मग त्यांचे ओठ हलले, सावकाश, एकेक शब्द, गिरणीत आम्हाला काही सांगायचे तसे.

"हे गोल तिकीट हाय. ह्याच्यावर मधात कोणाले उतरता येत नाई. जेवढे निघाले तेवढे घरी वापस न्या लागतात."

सासऱ्यांनी मान हलवून काहीतरी विचारलं. बाबा म्हणाले, "रेल्वेचा कायदा हाय. माह्या हातात काई नाई."

पसाभर पीठ कधी इकडचं तिकडे न केलेला माणूस भर फलाटावर खोटं बोलत होता. ताईने माझ्याकडे पाहिलं. तिनेही वाचलं होतं. मायला ओठ वाचता येत नव्हते, ती विचारत होती, "काय म्हणून राह्यले? काय म्हणून राह्यले ते?" शिट्टी झाली. जावयाच्या हातातली पुडी तशीच राहिली. बाबा चढले, माझ्या शेजारी येऊन बसले, आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "भूक लागली. दशम्या काढा."

ताईने पेटी मांडीवरून खाली ठेवली आणि डबा उघडला. दशम्या आमच्याच पिठाच्या होत्या. तिने बाबांच्या हातावर पहिली ठेवली, मग एक स्वतःच्या हातात घेतली.

बाबांना कधी विचारलं नाही. ते गेले, त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. पण लपवायचं असलं की ते पाठ करायचे, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक होतं. फलाटावर पाठ करायला त्यांना हवी तेवढी जागा होती. आणि बोलताना त्यांचं तोंड आमच्या खिडकीकडे होतं.